दुसऱ्या फेरीचे पैसे

आमच्या ट्रस्टला फिरत्या दवाखान्याची गाडी मिळाली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. नारळ मीच फोडला. गाडीच्या तिन्ही बाजूंना देणगीदारांचं नाव ठसठशीत अक्षरांत रंगवलेलं होतं. नव्या गाडीचा तो वास, सीटवरचं न काढलेलं प्लॅस्टिक, सगळं कसं मंगल. त्यानंतर सतरा दिवस ती गाडी आमच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या बोळात उभी होती. अठराव्या दिवशी गाडी चालवणाऱ्या मामांनी स्टार्टर मारला तर नुसतं टक-टक. बॅटरी उतरली होती.

ट्रस्टची खजिनदार मी. त्या दिवशी खात्यावर दोन हजार एकशे चाळीस रुपये होते. गाडी लाखांची आणि टाकी रिकामी, अशी आमची श्रीमंती.

मी कराडला एका बँकेत चौतीस वर्षं कॅश काउंटरला काढली. दुसऱ्याचे पैसे मोजायची सवय हाडात मुरलेली. मागायची मात्र नव्हती. निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही फक्त हिशेब बघा. बाकी आम्ही बघतो." मी फसले. छोट्या ट्रस्टमध्ये हिशेब बघणारीलाच खातं रिकामं झालेलं सगळ्यांच्या आधी कळतं, आणि ज्याला आधी कळतं त्यालाच दारोदार फिरावं लागतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, नगर, परभणी, जालना भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडे उतरतात. कृष्णाकाठच्या गावांत, कारखान्याच्या आसपासच्या पडिक रानांत कोप्या उभ्या राहतात: बांबूची कमान, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत एक संसार. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, फेडायची. लेकरं बरोबर असतात, कारण गावाकडे सांभाळणारं कोणी नसतं, किंवा असतं ते म्हातारं असतं. या लेकरांना तपासायला दर रविवारी एका तळावर जायचं, एवढंच आमचं काम. डॉक्टर बिनपगारी, फार्मसी झालेली दोन मुलं बिनपगारी, मी बिनपगारी. मामा एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना भत्ता देतो, कारण त्यांच्या घरी त्याची गरज आहे, आणि गरज असलेल्या माणसाकडून फुकट काम करून घ्यायला सेवा म्हणू नये असं माझं मत आहे. या मतापायी एका विश्वस्तांशी माझं अजून बोलणं जेवढ्यास तेवढं.

पहिल्या हंगामात आम्ही सकाळी दहाला जायचो. इस्त्रीचे कपडे, टेबल, खुर्ची, फ्लेक्स. तळावर कोण असायचं? लेकरं, दोन-चार म्हातारी माणसं, बांधलेली वासरं. आया पहाटे तीनला फडावर गेलेल्या. सात-आठ वर्षांची बहीण कडेवर धाकट्याला घेऊन रांगेत उभी राहायची. तिला विचारायचं, याला जुलाब कधीपासून? ती म्हणायची, "लई." औषध कसं द्यायचं तेही तिलाच सांगायचं. डॉक्टरांनी दोन रविवार हे केलं आणि तिसऱ्या रविवारी टेबल आवरून म्हणाल्या, हे आपण आपल्या समाधानासाठी करतोय. तेव्हापासून संध्याकाळी पाचला निघतो. अंधार पडता पडता उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात, बायका डोक्यावर वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन परतलेल्या असतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, आणि बॅटरीवरच्या दोन ट्यूबच्या उजेडात दवाखाना सुरू होतो.

मी वजनकाट्याशेजारी नावं लिहायला बसते, त्यामुळे मला सगळ्यात जास्त दिसतात ते हात. लेकराचा दंड पुढे येतो, त्याच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ती असते. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवं, साडेअकरा ते साडेबारा पिवळं, साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी ओढून धरणारा आईचा हातही दिसतो: उसाच्या पात्यांनी चिरलेला, बोटांच्या पेरांत काळं बसलेलं, नख उडालेलं. आणि बोटांच्या बेचक्यांत, आईच्याही आणि लेकराच्याही, बारीक पुरळ. खरूज.

खरजेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझं पैशाचं सगळं शिक्षण या एका रोगाने केलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, खरूज म्हणजे काय, मलम द्या. मलम असतंच. पर्मेथ्रिन, पाच टक्के. पण ते एकट्या लेकराला लावून भागत नाही; कोपीत झोपणाऱ्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचं, खाजत असो वा नसो. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीत, नखांखाली, लहानग्यांच्या डोक्यालासुद्धा. आठ तास तरी अंगावर ठेवायचं. मग आंघोळ. अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण कढत पाण्यातून काढायचं. आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा एकदा करायचं, कारण पहिल्या वेळी अंड्यांतून वाचलेले किडे तोवर बाहेर आलेले असतात. दुसरी वेळ चुकली की पहिलीही गेलीच म्हणायची.

आता हे कोपीत बसवून बघा. पाणी अर्ध्या किलोमीटरवरच्या मोटारीवरून आणायचं. डिसेंबरची थंडी. पाच माणसांत दोन गोधड्या. त्या धुवायच्या म्हटलं तर वाळेपर्यंत रात्री पांघरायचं काय? डॉक्टर म्हणाल्या, न धुता जमेल. खताच्या स्वच्छ प्लॅस्टिक गोणीत गोधड्या कोंबून तोंड घट्ट बांधून चार दिवस ठेवा, माणसाच्या अंगाशिवाय किडा तेवढा जगत नाही. उत्तम. पण चार रात्री पांघरायचं काय, हा प्रश्न जिथल्या तिथे. एक बाई हसत म्हणाली, "मग आमीबी गोनीतच झोपतो की."

म्हणून आम्ही वीस ब्लँकेट घेतली. देण्यासाठी नाही, उसनी द्यायला. आज गोधडी गोणीत, ब्लँकेट अंगावर. पुढच्या रविवारी मलमाची दुसरी खेप लावायची, गोधडी बाहेर, ब्लँकेट परत, उन्हं दाखवून पुढच्या तळाला. ऑडिटरने विचारलं, हे मालमत्तेत धरायचं की खर्चात? मी म्हटलं, ग्रंथालयात पुस्तकं कुठे धरता? तो बिचारा बराच वेळ विचार करत होता.

तर सगळं अडतं ते पुढच्या रविवारी. त्याच तळावर परत जाणं, याला आम्ही दुसरी फेरी म्हणतो. डॉक्टरांच्या लेखी पहिली फेरी म्हणजे ओळख, उपचार दुसऱ्या फेरीत. रक्त कमी असलेल्या लेकराला लोहाचं औषध दोन-तीन महिने द्यावं लागतं, त्याची बाटली संपली का, की कडू लागतं म्हणून कोपीच्या कुडाला खोचून ठेवली, हे दुसऱ्या फेरीत कळतं. कान वाहणाऱ्या पोराचा कान कोरडा झाला का, लाल पट्टीचं लेकरू पिवळ्यात आलं का, हेही दुसऱ्याच फेरीत. आणि पैसे? पैसे पहिल्या फेरीला मिळतात.

ही गोष्ट मला समजायला दीड हंगाम लागला. लोक द्यायला तयार असतात, हे आधी सांगते. आपल्याकडे माणूस कंजूष असतो वगैरे मला पटत नाही. गणपतीची पावती फाडताना कोण मागे राहतं? पण लोकांना सुरुवात द्यायला आवडते. गाडी, यंत्र, उद्घाटनाचं शिबिर, "एका दिवसात अमुक इतक्या बालकांची तपासणी". नाव रंगवता येईल असा पत्रा हवा. डिझेलवर नाव कुठे रंगवणार? मामांच्या भत्त्यावर? एका मोठ्या कंपनीच्या माणसाने मला फार अदबीने बसवून घेतलं. अशा मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात, तो २०१३ चा कायदा मी पाठ करून गेले होते, नोंदणीचा नंबर घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं, लाभार्थी किती? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, यात परत तपासलेली मुलं पुन्हा मोजलीत का? मी म्हटलं, नाही, एकदाच. "मग दुसऱ्या भेटीत लाभार्थी शून्यच वाढतात," ते म्हणाले. "तो खर्च आम्हाला दाखवता येत नाही." माणूस वाईट नव्हता. त्याच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

नव्या करपद्धतीने आणखी एक गंमत केली. पूर्वी निवृत्त मास्तर, डॉक्टर, दुकानदार मार्चमध्ये आपणहून फोन करायचे, "८०जी आहे ना तुमच्याकडे?" आता बहुतेकांनी नवी पद्धत घेतली, त्यात देणगीवरची ही वजावट मिळत नाही. एकाने मला सरळ सांगितलं, "आता तुम्हाला दिले काय आणि नाही दिले काय, मला सारखंच." मी म्हटलं, अहो, मग द्या की! त्यांना हसू आलं आणि दोन हजार मिळाले. हे असं नेहमी सुचत नाही. बहुतेक वेळा मी चहाचा कप खाली ठेवून "बघा, विचार करा" म्हणून उठते आणि जिन्यात स्वतःवर चिडते.

न्यू जर्सीच्या भाच्याची गोष्ट तर आमच्या घरात विनोद होऊन बसली आहे. व्हिडिओ कॉलवर मी ब्लँकेटचं सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "मावशी, अकाउंट नंबर पाठव." मी विचारलं, पासपोर्ट कुठला रे आता? तो म्हणाला, गेल्या वर्षीपासून अमेरिकन. संपलं. भारतीय पासपोर्ट असता तर इथल्या खात्यातून पाठवलेले पैसे चालले असते. परदेशी नागरिक झालास म्हणजे ती परदेशी देणगी, त्याला वेगळी नोंदणी, ती मागायला तीन वर्षांचं काम आणि पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि २०२० पासून खातंही दिल्लीतच, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. "अगं पण मी तोच आहे ना?" तो म्हणाला. ज्या पोराला मी कृष्णा-कोयनेच्या संगमावर भेळ खायला नेलं त्याला मी कायद्याची कलमं वाचून दाखवत होते. शेवटी त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, स्वतःच्या पेन्शनमधून पैसे दिले आणि वर ऐकवलं, "तुझ्या ट्रस्टपायी माझा मुलगा परका झाला."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

पहिल्या हंगामाच्या शेवटी, खात्यात पुन्हा खडखडाट असताना, मी एक फोटो टाकला. दीड वर्षाची मुलगी, दंडाला पट्टी, पट्टीच्या खिडकीत लाल रंग स्पष्ट दिसतोय, आणि मागे आईचा अर्धा चेहरा. खाली चार ओळी. मला चांगलं लिहिता येतं, हे माझ्या बँकेतल्या सहकाऱ्यांनाही माहीत नव्हतं. दोन दिवसांत चाळीस हजारांच्या वर पैसे आले. मी आईला विचारलं होतं का? विचारलं होतं. "फोटो काढू का?" एवढंच. ती हो म्हणाली होती. गाडी घेऊन आलेल्या, फुकट औषध देणाऱ्या, चष्मा लावलेल्या बाईला ती नाही कशी म्हणेल, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्याच पैशांनी दुसरी फेरी झाली. मी उतरले तर ती आई रांगेत नव्हती. कोपीपाशी गेले. चुलीसमोर बसलेली, वर बघेना. मग म्हणाली, "बाई, तो फोटू मुकादमाच्या मोबाइलात आला. तिथून गावाकडं गेला. सासू म्हनती, दोघं कमावताय अन् लेकराला उपाशी ठिवता का." ओरडली नाही, रडली नाही. तव्यावरची भाकरी उलटली. "म्या खाऊ घालत न्हाई व्हय, बाई?" ती म्हणाली. "ती अंगावर पिती. म्हाजं दूधच उतरंना."

पहाटे तीनपासून फडात मोळ्या बांधणाऱ्या, दिवसभरात दोन शिळ्या भाकऱ्या खाणाऱ्या बाईचं दूध कुठून उतरेल? हे चार ओळींत मी लिहिलं नव्हतं. लेकराचा दंड लिहिला, आईचा दिवसभराचा राबता लिहिला नाही. तो लिहिला असता तर ऊस, साखर, उचल, दर, सगळंच लिहावं लागलं असतं, आणि त्याला चाळीस हजार आले नसते.

फोटो काढून टाकला. मुकादमाच्या मोबाइलातला कोण काढणार? मुलगी पुढे पिवळ्या पट्टीत आली, गावाकडच्या अंगणवाडीत तिचं नाव आहे, हे मला नंतर उपकेंद्राच्या सिस्टरकडून कळलं. तिची आई त्यानंतरच्या हंगामात आमच्याकडे आली नाही, दुसऱ्या टोळीबरोबर कर्नाटकात गेली. हे मी समाधानासाठी किंवा माफीसाठी लिहीत नाही. हिशेबात आहे म्हणून लिहिते.

तेव्हापासून लेकराचा फोटो नाही. चेहऱ्यावर काळी पट्टी मारूनही नाही. विश्वस्तांची कुरकुर झाली, देणग्या निम्म्यावर आल्या, आणि मला बसून विचार करावा लागला की दाखवायचं नाही तर मागायचं कसं.

मग मला आमच्याच मातीतलं आठवलं. कराडजवळच्या काले इथे १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. शाळेत ही गोष्ट इतक्यांदा ऐकलेली की तिच्याकडे लक्ष जात नाही. घरोघरच्या बायकांनी रोज दळताना-कांडताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, तो मुष्टिफंड. आणि लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मंगळसूत्र मोडलं, ती गोष्ट. लहानपणी मला वाटायचं, इमारतीसाठी मोडलं असणार. एवढा मोठा त्याग म्हणजे काहीतरी मोठं उभं राहिलं असणार. नाही. मुलांच्या जेवणासाठी मोडलं. जे संध्याकाळी शिजतं आणि रात्री संपतं, दुसऱ्या दिवशी दाखवायला काही उरत नाही, त्यासाठी. मुष्टिफंडातही मूठ रोजची होती. त्या काळच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बायकांना रोजचा खर्च कळत होता, आणि आमच्या तक्त्याला तो रकाना नाही.

मी एक फेरी मांडली. डिझेल ६००. मामांचा भत्ता ५००. औषधं दीड हजाराच्या आसपास. हातमोजे, पट्ट्या, बॅटरीचं चार्जिंग, चहा मिळून ४००. तीन हजाराला एक फेरी. पावतीपुस्तक नवं छापलं, त्यावर "देणगी" शब्दाच्या जागी "फेरी क्रमांक" आणि पुढे चौकट: पहिली की दुसरी. लोकांना सांगायला लागले की पहिली फेरी आम्हाला मिळते; तुम्ही दुसरी द्या. कोणी एकटा देतो, कोणी सहा जणी भिशीतून पाचशे-पाचशे काढतात. ज्याची फेरी त्याला आठवड्यात पोस्टकार्ड. हो, पन्नास पैशांचं पोस्टकार्ड अजून मिळतं. पोस्टातला मुलगा मला बघितलं की गठ्ठाच काढतो. त्यावर गाव, किलोमीटर, किती लेकरं परत तपासली, किती नाही सापडली, काय बिघडलं, काय सुधारलं. नाव नाही, फोटो नाही. "अकरा जणांना मलम दुसऱ्यांदा दिलं. एका घरात पहिल्या वेळी बापाने लावलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचं पुन्हा पहिल्यापासून. परतताना पुढचं टायर पंक्चर." अशी पत्रं. डॉक्टर म्हणाल्या, काकू, अपयश कशाला लिहिता? मी म्हटलं, पासबुकात फक्त जमा छापतात का?

मला वाटलं होतं पत्रं कोणी वाचणार नाही. एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, "त्या बापाचं काय झालं? लावलं का त्याने?"

सरकार काय करतं मग, हे मला प्रत्येक दिवाणखान्यात विचारतात. करतं. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता अशी पथकं गाडीतून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलं तपासतात. आमच्यापेक्षा कितीतरी मोठं काम, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा जास्त शिस्तीचं. पण पथक अंगणवाडीच्या यादीवर चालतं. यादी बीडच्या पाटोद्याला, लेकरू सांगलीच्या वाळव्यात, मध्ये अडीचशे-तीनशे किलोमीटर. लसीचं कार्ड गावाकडच्या ट्रंकेत. आम्ही लस देत नाही. उपकेंद्राच्या सिस्टरना गाडीत घेतो, त्या आपला लसीचा डबा घेऊन येतात, आई सांगते ते आणि दंडावरचा बीसीजीचा वण बघून अंदाज बांधतात, नवं कार्ड करतात. शनिवारी रात्री त्यांना फोन करून "सिस्टर, उद्या याल ना" म्हणायचं काम माझं. त्या रविवारी येतात, रजा बुडवून. त्यांचं नाव कुठल्या फ्लेक्सवर नाही.

आणि एक आकडा मी दिवाणखान्यात मुद्दाम सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांत रक्त कमी निघालं. यजमानीणबाई "बिचारी ती मुलं" म्हणतात. मग मी विचारते, तुमच्या नातवाचं हिमोग्लोबिन कधी बघितलंय? बिस्किटं पुढे सरकवायची थांबतात. हे बोलणं शहाणपणाचं नाही, देणगी हुकते कधीकधी. पण "ती मुलं" आणि "आपली मुलं" असं मधोमध दोरी बांधून मागायचा मला कंटाळा आलाय.

फुकट गोष्टीही फुकट नसतात, हे दुसऱ्या हंगामातल्या एका मुलाने शिकवलं. चार वर्षांचा, वजन कमी, धावताना उकिडवा बसायचा. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. हृदयाला छिद्र असावं. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून होते, पैसा लागत नाही. मग काय लागलं? रेशनकार्ड, ते गावाला. ते चुलत्याने शोधून फोटो पाठवेपर्यंत नऊ दिवस. मोठ्या दवाखान्यात तपासणीला दोन चकरा, एसटीचं भाडं, तिथे बाहेरचं खाणं. आणि आई-बाप दोघं गेले म्हणजे एक पूर्ण कोयता बंद, तेवढे दिवस खाडा, खाड्याचे पैसे मुकादम कापणार. बाप म्हणाला, "पट्टा पडल्यावर बघू." चूक म्हणणार कशी? आम्ही खाड्याचे पैसे द्यायचं ठरवलं. कुठल्या देणगीदाराला हे सांगू की तुमचे पैसे मुकादमाने कापलेल्या मजुरीपोटी गेले? एका भिशीतल्या बायकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग काय, घरकामवालीची रजा नाही का आपण भरून देत. झालं. तपासणी झाली, छिद्र निघालं, तारीख मिळाली ती हंगामानंतरची. त्यांच्या गावाकडच्या पथकाचा नंबर मिळवून डॉक्टरांनी स्वतः फोन केला. मामांनी वहीत लिहून ठेवलं: "पोरगं. फोन करणे. जून." जूनमध्ये फोन लागला नाही. जुलैत लागला. ऑपरेशन झालं होतं. बापाने एवढंच सांगितलं, "आता पळतंय," आणि मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, की रेडिओ होता, कोण जाणे.

परवाच्या मार्चमधली फेरी सांगते आणि थांबते. वाळवे तालुक्यातला एक लहान तळ, अकरा कोप्या. पहिल्या फेरीत एका कोपीतल्या सहाही जणांना खरूज, सगळ्यात धाकटी दहा महिन्यांची, तिच्या तळहातांवर पूच्या फोडी. फोडींना औषध, मलम, कसं लावायचं ते दोनदा सांगून झालं, त्यांच्या मोठ्या मुलीने ते परत म्हणून दाखवलं. गोधड्या गोणीत, चार ब्लँकेट दिली. दुसरी फेरी मास्तरांची होती, त्या बापाची चौकशी करणाऱ्या.

रविवारी पोचलो तर तळ उठलेला. कारखान्याचा पट्टा अपेक्षेपेक्षा चार दिवस आधी पडला होता. कोप्यांच्या जागी पाचटाचे चौकोन, चुलींचे दगड, फुटकी बादली, राखेत लोळणारं एक कुत्रं. मामांनी गाडी बंद केली. कोणीच काही बोललं नाही. त्या कोपीच्या जागेवर मी चपलेने पाचट सारलं तर मलमाच्या ट्यूबा सापडल्या. पहिल्या खेपेच्या सगळ्या. खालून वर गुंडाळत नेऊन चपट्या केलेल्या. दुसऱ्या खेपेच्या माझ्या पिशवीत होत्या.

पलीकडच्या मोटारीच्या खोलीतून शेतकरी आला. म्हणाला, "तुम्हीच का डॉक्टरवाल्या? तुमचं ठेवलंय." आत खताच्या पोत्यांवर, घड्या घातलेली ब्लँकेट. मी मोजली. तीन.

"चार दिली होती," मी म्हटलं.

"तेवढीच दिली त्यांनी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "ट्रकमध्ये वर बसून गेले. रात्रीचं निघाले."

मागे डॉक्टरांनी न वापरलेली औषधं मोजून डब्यात ठेवली. मामा वही घेऊन आले. "ताई, लाभार्थी किती लिहू?"

"शून्य."

"अन् किलोमीटर?"

"आलो-गेलो तेवढे."

घरी येऊन मास्तरांना कार्ड लिहिलं. फेरी क्रमांक, दुसरी. तळ उठला होता. पहिल्या खेपेचं मलम पूर्ण वापरलेलं दिसलं. दुसरी खेप देता आली नाही. ब्लँकेट चार दिली, तीन परत. चौथ्यापुढे ऑडिटरसाठी काय लिहावं म्हणून पेन थोडा वेळ वर धरला, आणि मग "थंडी होती" एवढं लिहून पत्ता घातला.